कातडीची सवय

१९५८ साली रेवदंड्याच्या शाळेत मी हंगामी शिक्षक होतो. गुळगुळीत दाढी केल्याशिवाय वर्गात यायचं नाही, असा हेडमास्तरांचा हुकूम होता.

"वैनींना दिवस हायेत, मास्तर," चांगदेव न्हावी पहिल्या दिवशी ओटीवर टेकत म्हणाला. "अशात नवऱ्यानं वस्तरा लावू न्हाय."

मी पुस्तकं वाचणारा माणूस. हसलो.

पंधरा दिवस गालांची नुसती आग झाली. "व्हईल सवय कातडीला," तो म्हणायचा. सोळाव्या दिवशी आग थांबली.

त्याच सकाळी सत्यवती पोट धरून म्हणाली, "अहो, आत कुणी खरवडतंय असं वाटतं." मग रोज सातला, ओटीवर माझी दाढी चालू असताना, तिला तसंच होऊ लागलं. सोमवारी न्हाव्याची सुट्टी, तेवढा एक दिवस हेडमास्तरही खुंट चालवून घेत. सोमवारी ती शांत असायची. हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं होतं का, याची खात्री देता येत नाही. बहुधा आलं होतं.

तिला सातवा लागला. मला कायम करायचं की नाही हे ठरवायला तपासनीस यायचे होते, त्या सकाळी वस्तरा घसरला. आरशात गाल बोटभर उघडा पडलेला दिसला. दुखलं नाही. रक्तही आलं नाही.

घरातून मात्र तान्ह्या मुलाचं कोंडलेलं रडणं ऐकू आलं. पाठोपाठ सत्यवतीचा आवाज आला, "अहो, माझ्या पोटात रडतंय."

चांगदेवानं वस्तरा पुसला. "एक गाल ऱ्हायलाय, मास्तर. थांबू का?"

साडेदहाला तपासनीस येणार होते. मी दुसरा गाल पुढे केला.