जड पिशवी

दर बुधवारी म्हातारा एर्सिलिओ रोममधल्या त्या पडक्या देवळाच्या अवशेषांत एकटाच फिरायचा, भिंतीच्या कडेला वाकून काहीतरी चाचपायचा. पहारेकरी फुल्वियाला दाट संशय होता. आज तो बाहेर पडताना तिने तिसऱ्यांदा त्याच्या पिशवीची झडती घेतली. पिशवी रिकामीच!

"आजोबा, दगड कुठे दडवलेत? खिसे दाखवा."

"अगं पोरी, आत येताना बघ की पिशवी! तेव्हा जड असते."

"म्हणजे?"

"एकेक तुकडा परत आणून ठेवतोय. तीस वर्षं याच दारावर पहारा केलाय मी. पहारेकऱ्याची पिशवी कोण तपासतं?"

फुल्वियाने पिशवी त्याच्या हातात परत दिली. घरी पोचल्यावर तिने खिडकीतल्या कुंडीखालचा संगमरवरी तुकडा उचलला आणि उद्याच्या डब्याच्या पिशवीत टाकला.