क्रोशाचा रुमाल
टीपॉयवरचा क्रोशाचा रुमाल मी काढून कपाटात ठेवला, सासूबाईंनी तो पुन्हा अंथरला. दहा महिन्यांचा अन्वित मिळेल ते धरून उभा राहतो आणि रुमालाचे लोंबते गोंडे बरोबर त्याच्या हाताशी येतात. “आई, गरम चहा अंगावर ओढून घेईल तो,” मी शंभरदा सांगितलं. “आम्ही नाही का पोरं वाढवली? येवल्याहून माझी बहीण येतेय, उघडा टीपॉय बरा दिसतो का?” नवऱ्यानं मोबाईलमधून डोकंसुद्धा काढलं नाही. मावशी आल्या. काचेचे कप सोडून मी स्टीलचे भरले, टीपॉयवर मांडले आणि बाजूला उभी राहिले. अन्वितनं गोंडा धरून ओढला. कप त्याच्यावर उलटले. सासूबाई किंचाळत धावल्या, त्याचं झबलं उतरवू लागल्या. अन्वित मात्र खिदळत होता. “साधं पाणी होतं, आई,” मी म्हणाले. “चहा अजून गॅसवर उकळतोय. आणू?”