चौकटीत एकटीनेच बसावे

“माय, तू मांगं दिसून राह्यली. सरक ना!”

रंजीता मान न वळवता ओरडली. मान वळवायची सोय नव्हती. मोबाइलचा कॅमेरा तिच्यावर डोळा ठेवून होता. ऑनलाइन परीक्षेचा नियमच तसा, चौकटीत परीक्षार्थी एकटाच हवा. दुसरी व्यक्ती तीनदा दिसली की पेपर रद्द. दोन इशारे येऊन गेले होते.

नियम करणाऱ्यांच्या घरात रेंज असते. रंजीताच्या गावात ती फक्त जंगलाकाठच्या टेकाडावर यायची. बालवाडी शिक्षिकेच्या कोर्सचे सगळे व्हिडिओ तिने दोन वर्षं इथेच बसून पाहिले. तिची आई नीलाबाई दर वेळी कुऱ्हाड घेऊन पाठीशी असायची. तेंदूपानं तोडणाऱ्या कांताला वाघाने याच टेकाडावरून नेलं होतं.

“तुले एकटीले सोडून कुठी जाऊ?”

“सडकेवर जा. शेवटचा पेपर आहे. हा गेला तं नोकरी गेली. मंग करतो जलमभर धानाची रोवणी!”

नीलाबाई कुरकुरत खाली उतरली.

दोनच प्रश्न उरले होते आणि तिसरा इशारा आला. पाठोपाठ पडदा लाल झाला. परीक्षा रद्द.

हातातोंडाशी आलेला घास गेला. रंजीता रडतच समोरच्या पायवाटेने धावत सुटली. नीलाबाई सडकेवर बसलेली.

“पुन्हा वर आली होती ना तू?”

“नाई वं पोरी. मी इथीच होती.”

“खोटं नोको बोलू!”

आठ दिवस ती आईशी बोलली नाही. आईने वाढलेलं भिंतीकडे तोंड करून जेवायची. मात्र संस्थेकडे तिने तक्रार केली, की मागची बाई माझी आई आहे, तिला अक्षरओळखही नाही, ती काय उत्तरं सांगणार?

नवव्या दिवशी दोघी सिंदेवाहीच्या बाजारात गेल्या. तिथे मोबाइलवर उत्तर आलं.

‘तक्रार फेटाळण्यात येत आहे. परीक्षार्थीच्या मागे दुसरी व्यक्ती स्पष्ट दिसते. तिसऱ्या इशाऱ्याचे छायाचित्र पुराव्यादाखल जोडले आहे.’

“पाह्य, तुयाच फोटू पाठवला,” म्हणत रंजीताने छायाचित्रावर बोट दाबलं आणि ते उघडायच्या आतच मोबाइल आईच्या नाकासमोर धरला.

नीलाबाईने झटकन पोरीचं मनगट धरलं.

रंजीताने मोबाइल स्वतःकडे वळवला. फोटोत तिच्या खांद्यामागे, लाल चौकोनात, वाघ बसला होता.