चतुराबाईची झील

शाहीर बन्सी तांगडे बारा वर्षांपूर्वी दारू सोडल्यापासून गावोगाव व्यसनमुक्तीचे पोवाडे गात होते. आज ते औरंगपुऱ्यातल्या स्टुडिओत माफी रेकॉर्ड करायला बसले होते. पोवाड्यात त्यांच्यामागं उभी राहून 'जी जी जी' अशी झील धरणारी चतुराबाई वीस वर्षांनी बोलली होती. देवगाव रंगारीच्या कार्यक्रमानंतर तंबूत शाहिरांनी तिच्यावर कशी जबरदस्ती केली, ते पेपरात आलं होतं.

शाहिरांनी हेडफोन लावला आणि डोळे मिटले. "माझ्याकडून नकळत कुणाचं मन दुखावलं असंल..."

काचेपलीकडून रेकॉर्डिंग करणाऱ्या इलियासनं हात वर केला. "शाहीर, तुमच्यामागं बाई कोण हाय? 'जी जी जी' म्हणतीय."

मागं नुसती भिंत होती.

"पुन्हा घे," शाहीर म्हणाले आणि माइककडं वळले. "तवा मी नशेत होतो. माझ्यातला तो माणूस आता मेला."

"जी जी जी."

या खेपेला त्यांनीही ऐकलं. शाहिरानं काहीही गायलं, खरं असो की खोटं, मागून झील द्यायचीच, हे त्यांनीच चतुराबाईला दटावून शिकवलं होतं.

त्यांनी घसा खाकरला. पण ते बोलायच्या आधीच हेडफोनमध्ये ती बोलली, अगदी निवांत.

"त्या दिवशी शाहीर शुद्धीत होते. दारू त्यांनी नंतर घेतली."

इलियास काचेतून टक लावून बघत होता. शाहिरांनी दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबलं.

तरीही त्यांच्याच गळ्यातून, तिच्या सुराला सूर लावून, आलं.

"जी जी जी."