प्रभावतीच्या पोटातली सुई

डॉक्टर अंबेकरांनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली. बरगड्यांच्या खाली एक बारीक पांढरी रेघ दिसत होती.

"सुई आहे," ते म्हणाले. "शिवायची."

संपतनं फिल्मकडं पाहिलं आणि मग मागं वळून आपल्या आईकडं पाहिलं. द्वारकाबाई गावात गोधड्या शिवून द्यायची.

"मी न्हाई रे," ती म्हणाली. "सुनंच्या पोटात सुई घालीन का मी?"

लग्न झाल्यापासून सासूसुनेचं जमत नव्हतं. प्रभावतीचं पोट दुखायला लागलं तेव्हा द्वारकाबाईनंच 'कामाचा कंटाळा' म्हणून उडवून लावलं होतं. आज जाफराबादहून एसटीनं जालन्याला येताना प्रभावती सगळा रस्ता पोट धरून वाकून बसली होती.

"आमचा बैल असाच गेल्ता साहेब," संपत म्हणाला. "कडब्यातून तार खाल्ली. ढोराच्या डॉक्टरनं हातभर कूस फाडली, तरी न्हाई वाचला."

"हिला फाडायचं नाही. बेंबीखाली बोट जाईल एवढं छिद्र करू, त्यातून दुर्बीण आत. नसबंदीच्या शिबिरासाठी आणलीय, पण आतलं सगळं डोळ्यांनी दिसतं. सुई दिसली की चिमट्यानं धरून काढू."

निरोप गेला तशी प्रभावतीची आई झुंबरबाई तीर्थपुरीहून आली. प्रभावती ही तिची चार पोरींच्या पाठीवर झालेली पाचवी. नवरा गेल्यावर झुंबरबाईनं पाचही जणींना एकटीनं वाढवलं. पण भाकरीवर लोण्याचा गोळा पडायचा तो हिच्याच. थोरल्या चौघी अजून त्यावरून बोलून दाखवायच्या. आल्यापासून झुंबरबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. सुईचं कळल्यावरही तिनं कुणाला काही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रभावतीला आत नेलं तेव्हा संपत आईसमोर उभा राहिला.

"आता माझ्या घरात यायचं न्हाई. मामाकडं जाय. बिलकुल तोंड दाखवू नको."

द्वारकाबाईनं हातातलं गठुडं छातीशी धरलं. रडली नाही. दवाखान्याच्या पायरीवर जाऊन बसली.

"जावईबापू," झुंबरबाई हळूच म्हणाली, "त्यांना नका घालवू. त्यांचा काई दोष न्हाई."

"तुमी लई भोळ्या, मामी."

झुंबरबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

दुपारी डॉक्टर बाहेर आले. हातात स्टीलची वाटी, वाटीत कापूस आणि कापसावर काळीठिक्कर पडलेली सुई.

"निघाली. यकृताला चिकटून होती. आणि ऐका, ही लग्नानंतरची नाही. पार गंजलीय, भोवती मांस धरलंय. पोरगी तान्ही असतानाच कधीतरी गेलेली दिसते."

संपत वाटी हातात घेऊन सुईकडं बघत राहिला. मग वाटी बाकावर ठेवून पायरीकडं गेला आणि आईच्या पुढ्यात उकिडवा बसला.

"आई, चुकलं माझं. घरी चल."

द्वारकाबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. "सून शुद्धीवर आली का?" तिनं विचारलं. त्यानं तिच्या हातातलं गठुडं घेऊ पाहिलं. तिनं ते सोडलं नाही.

इकडं डॉक्टर झुंबरबाईला सांगत होते, "आता काळजी सोडा. दोन दिवसांनी घरी न्या. पोट साफ आहे."

झुंबरबाई बाकाजवळ गेली. वाटीतली सुई बोटानं बाजूला सारली, कापूस उचलून खाली पाहिलं. कितीतरी वेळ वाटीतच बघत राहिली. मग तिनं डॉक्टरांपुढं हात जोडले.

"साहेब," शेवटी ती म्हणाली, "आन दुसरी?"