डावी सीट

नालवाडीच्या इतिहासात आपण घेतलेल्या जुन्या जीपचं नाव सोन्याच्या अक्षरांनी लिहिलं जाईल, असं खुशालराव सांगायचे. आली मात्र ती ट्रॅक्टरला बांधून. सहा वर्षं ती अंगणात दुरुस्त होत होती. इंजिन तीनदा उतरलं, तीनदा चढलं. मनकर्णाबाई बॉनेटवर मुगवड्या वाळत घालताना नवऱ्याला विचारत, “अवो, मले बोरधरणाले याच जन्मी नेता ना?” “तुयी सीट तेवढी राह्यली,” ते म्हणत. मग मनकर्णाबाई वारल्या. आज तेरवी. खुशालरावांनी सकाळीच डावी सीट बसवली, चारही बोल्ट आवळले आणि किल्ली फिरवली. जीप पहिल्याच झटक्यात सुरू झाली. ते नुसते बसून राहिले. रडू येईल म्हणून थांबले, पण आलं नाही. सून आली. “मामाजी, चालू झाली वाट्टे गाडी?” “हो.” “मंग जराशी मागं घेता का? तिथं आचाऱ्याले चूल मांडाची हाये.”