वरचं खाचर

सोनूबाई पडवीत बसून चिखलाचे लाडू वळत होती. प्रत्येक लाडवाच्या पोटात चिमूटभर पांढरं सरकारी खत. बोर्लीतल्या बायका कुडावरून डोकावून हसत होत्या. "बारसं कुणाचं गं, सोनू?" सोनूबाईही हसली आणि पुढचा लाडू वळायला घेतला.

नवरा वारल्यापासून वरचं भाताचं खाचर ती एकटीनं कसत होती. त्याच्या खालचं खाचर धाकट्या दिराचं, दादूचं. वरचं पाणी बांधाच्या तोंडातून खाली दादूकडं उतरायचं, ही बापजाद्यांची रीत. सोनूबाई दरसाल पदरमोड करून खत फेकायची, आणि तिचंच भात पिवळं. दादू खताला शिवायचाही नाही, तरी त्याचं भात काळंभोर! दसऱ्याला देवीच्या दाराला बांधायचं नवं, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या, दादूच्याच खाचरातून जायच्या. "हाताला यश लागतं," मिशीवरून हात फिरवत तो म्हणायचा.

यंदा त्यानं आईसमोर विषय काढला होता. "वयनीवर जमीन रुसलीय. या सालीबी पिवळंच ऱ्हायलं, तर खाचर माझ्याकडं." म्हातारीनं मान डोलावली होती.

त्याच सुमारास जपानी भातशेती शिकवायला ग्रामसेवक आला. वर फेकलेलं खत पिकाला फार लागत नाही, म्हणाला. चिखलात वळा, मुळाशी पुरा. सगळ्या गावानं ऐकलं आणि सोडून दिलं. सोनूबाईनं तेवढं धरून ठेवलं.

लावणी झाली. भर पावसात वाकून वाकून तिनं रोपांच्या मधोमध एकेक लाडू खोल दाबला. बांधावरून दादू ओरडला, "जमीन काय लाडू खाती, वयनी?" तिनं पुढचा लाडू दाबला. कमरेचा पार काटा ढिला झाला होता.

श्रावणात म्हातारी स्वतः काठी टेकत खाचर बघायला आली. निकालच लावायचा होता. तिच्यामागून निम्मी आळी आली, तमाशा चुकवायला नको म्हणून. बांधावर पोचून बघतात तर काय! वरच्या खाचरात भात असं माजलं होतं की पाणी दिसत नव्हतं. सोनूबाईची मान आपोआप ताठ झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

तेवढ्यात खालून दादू तणतणत वर आला. रागाच्या भरात आई उभी आहे, आळी उभी आहे, याचं त्याला भानच राहिलं नाही.

"वयनी, ह्ये काय केलंस? खत समदं तुझ्याच खाचरात कोंडून ठेवलंस व्हय? माझं भात पिवळं पडलं की!"

बोलला आणि जीभ चावली. आळी खो खो हसत सुटली. म्हातारी हसली नाही. तिनं सोनूबाईचा चिखलानं फुटलेला हात आपल्या हातात घेतला, सगळ्यांना दिसेल असा वर धरला.

"यशाचा हात ह्यो व्हता व्हय!" ती म्हणाली. "औंदा देवीचं नवं वरच्या खाचरातून जाईल. आन् ते सोनूच बांधंल."